कांदा निर्यातबंदीचं बिल कोण भरतं?

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबर संपता संपता नवी अट आली: टनाला ८०० डॉलरपेक्षा कमी भावाने कांदा बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. १३ सप्टेंबरला अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

वीसेक महिन्यांत सहा वेळा नियम बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्या शेतकऱ्याने उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं, त्याने शुल्क चालू असताना बी पेरलं, बंदी असताना कांदा काढला, मे महिन्यात नव्या अटींखाली चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला आणि सप्टेंबरनंतर उरलासुरला विकला तेव्हा नियम पुन्हा वेगळे होते. पीक एकच, पण त्याच्यासाठी देशाचं व्यापारधोरण चार वेळा बदललं.

या काळात चर्चा भरपूर झाली. एका बाजूने शेतकऱ्याची लूट म्हटलं गेलं, दुसऱ्या बाजूने गृहिणीच्या बजेटचा दाखला दिला गेला. दोन्ही बाजूंना थोडं थोडं तथ्य आहे. मात्र या निर्णयांनी पैसा नेमका कुणाच्या खिशातून निघतो आणि कुणाच्या खिशात जातो, हे फारसं कुणी मांडून दाखवत नाही. तेवढं समजलं तर उरलेला वाद बराच सोपा होतो.

आधी तीन हत्यारं ओळखून घेऊ

देशाबाहेर जाणारा माल रोखायचा असेल तर सरकारपुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला म्हणजे सरळ बंदी. दुसरा निर्यात शुल्क, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालाच्या किमतीवर कर. तिसरा किमान निर्यात मूल्य, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराखाली परदेशी सौदा करायला मनाई.

तिसरा मार्ग दिसायला सौम्य आहे, पण हिशेब करून पाहा. डॉलर साधारण ८३ रुपये असताना टनाला ८०० डॉलर म्हणजे किलोला ६६-६७ रुपये झाले. त्या भावाला कोलंबोचा किंवा दुबईचा व्यापारी दुसऱ्या देशाचा कांदा घेणार. मे २०२४ मध्ये बंदी उठल्याची बातमी आली, तेव्हा नाशिकच्या बऱ्याच व्यापाऱ्यांना आनंद का झाला नाही, तेही यातून कळतं. ५५० डॉलर म्हणजे किलोला ४६ रुपये, त्यावर ४० टक्के शुल्क धरलं की कांदा ६४ रुपयांवर जातो. कागदावर निर्यात खुली झाली होती, परवडणारी मात्र झाली नव्हती.

बंदी आणि किमान मूल्याच्या अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, ते वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली आहे. शुल्क अर्थ मंत्रालय लावतं. कांदा महागला म्हणून काळजी वाहतं ते ग्राहक व्यवहार मंत्रालय. शेतकऱ्याचं मंत्रालय चौथंच. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने सरकारला बंदी आणि किमान मूल्याचे निर्णय एका अधिसूचनेने घेता येतात, त्यासाठी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. सहा बदल इतक्या झपाट्याने होऊ शकले त्याचं हे एक कारण आहे.

४० टक्के शुल्क खरं तर कुणावर बसतं?

शुल्काची पावती निर्यातदाराच्या नावे फाटते, म्हणून ते निर्यातदार भरतो असं वाटतं. समजण्यासाठी एक कल्पित हिशेब करू.

समजा, मलेशियातला खरेदीदार आपल्या बंदरावर कांद्याला किलोमागे ४० रुपये द्यायला तयार आहे. पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचा मालही त्याला त्याच आसपास पडतो, त्यामुळे यापुढे तो जाणार नाही. लासलगावहून माल निवडून, गोणीत भरून, बंदरापर्यंत नेऊन कंटेनरमध्ये चढवायला आणि व्यापाऱ्याचा नफा धरून १० रुपये लागतात. म्हणजे लिलावात व्यापारी ३० रुपयांपर्यंत बोली लावू शकतो.

आता ४० टक्के शुल्क लावा. खरेदीदार ४० च्या वर जात नसेल तर त्या ४० मध्येच मालाची किंमत आणि शुल्क दोन्ही बसवावं लागतं. मालाची किंमत साडेअठ्ठावीस रुपये आणि शुल्क साडेअकरा. खर्चाचे १० रुपये काही कमी होत नाहीत. लिलावातली बोली मग साडेअठरावर येते. मलेशियाच्या ग्राहकाला फरक पडला नाही, व्यापाऱ्याने आपला खर्च आणि नफा राखला. शुल्क भरलं ते ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाने.

भारत जगातला मोठा कांदा निर्यातदार आहे, तेव्हा शुल्काचा थोडा भार परदेशी ग्राहकावरही पडतो, हा मुद्दा खरा आहे. बांगलादेशसारख्या शेजाऱ्याला आपला कांदा लगेच सोडता येत नाही. २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, अशा आशयाची तक्रार जाहीरपणे केली होती. पण स्पर्धा जितकी जास्त तितका भार मागे सरकत बांधावर येतो, आणि आखातात व आग्नेय आशियात स्पर्धा भरपूर आहे.

“पण निर्यात होतेच किती? शंभरातले आठ किलो!”

हा आक्षेप हमखास येतो, आणि ऐकायला बिनतोड वाटतो. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा झाला आणि २५ लाख टनांच्या आसपास बाहेर गेला. आठ टक्के मालावरच्या शुल्काने एवढा गोंधळ का व्हावा?

पावसाळ्यात गंगापूर धरण भरत आलं की दरवाजे उघडून गोदावरीत विसर्ग सोडतात. सोडलेलं पाणी एकूण साठ्याच्या मानाने थोडंच असतं. पण तेवढंच अडवलं तर पातळी चढत जाते आणि दाब सगळ्या भिंतीवर येतो. कांद्याचा बाजार असाच चालतो. घरात माणूस जेवढा कांदा खातो तेवढाच खातो, स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. त्यामुळे बाहेर जाणारे आठ किलो आत अडकले की ते खपवण्यासाठी भाव बराच खाली यावा लागतो. त्यात हा माल टिकाऊ नाही. चाळीत ठेवलेल्या उन्हाळ कांद्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वजनातली घट, सड आणि कोंब यांत जातो. थांबलं तर माल जातो आणि विकला तर भाव मिळत नाही, अशी शेतकऱ्याची दोन्हीकडून कोंडी होते.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. लिलावात निर्यातीचा कांदा आणि देशात खपणारा कांदा असे दोन वेगळे भाव नसतात. प्रत घसरली की दर घसरतो, पण बोलीची पातळी सगळ्यांसाठी एकच ठरते. निर्यातदार बोलीतून बाहेर पडला की पाटण्याला किंवा कोलकात्याला माल पाठवणारा व्यापारीही कमी भावात घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये हेच दिसलं. बंदीच्या आधी लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या जवळ असलेला भाव महिना संपेपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. निर्यात झालीच नसती अशा कांद्याचाही.

म्हणून शुल्क आठ किलोवर लागलं तरी भाव शंभर किलोंचा पडतो. सरकारच्या तिजोरीत आठ किलोंचा कर येतो, आणि पूर्ण बंदी असेल तर तोही नाही. उरलेल्या ९२ किलोंवर शेतकऱ्याने जे गमावलं ते देशातल्या खाणाऱ्यांकडे आणि मधल्या साखळीकडे जातं. किलोमागे फक्त पाच रुपये भाव पडला आणि त्या काळात १०० लाख टन कांदा विकला गेला, तर ही रक्कम ५,००० कोटी रुपये होते. एवढं अनुदान अर्थसंकल्पातून द्यायचं म्हटलं तर संसदेत प्रश्न विचारले जातील, कुणाला किती मिळालं याचा हिशेब मागितला जाईल. निर्यातबंदीने तेच अनुदान वाटलं जातं, पण ते कुठल्याच कागदावर दिसत नाही, आणि ते देणाऱ्याला कुणी विचारलेलंही नसतं. माझा आक्षेप तिथे आहे.

उलट्या दिशेने काय होतं तेही बघण्यासारखं आहे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी अर्ज भरा, विक्रीची पट्टी जोडा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद दाखवा, असे सगळे सोपस्कार होते. शेतकऱ्याला द्यायचं तेव्हा पै-पैचा पुरावा लागतो. त्याच्याकडून घेताना एक अधिसूचना पुरते.

शहरातल्या गरिबाने काय करायचं?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला टाळून चालणार नाही. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घरात किलोमागे ४० रुपये वाढले तर २०० रुपये जास्त जातात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. भाकरीबरोबर कांदा हीच ज्यांची भाजी, त्यांना तर ती जास्तच जाणवते. शिवाय गावाकडचा भूमिहीन मजूरही कांदा विकतच घेतो.

पण निर्यातबंदीचा स्वस्त कांदा या घरात जातो तसाच मोटारीतून उतरून भाजी घेणाऱ्याच्या घरातही जातो, हॉटेलातही जातो. गरज कुणाला आहे हे या हत्याराला दिसत नाही. ते सरसकट सगळ्यांना सवलत देतं आणि तिची किंमत दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याकडून वसूल करतं, जो स्वतः अनेकदा त्या मजुरापेक्षा फार वर नसतो.

गरिबाला थेट स्वस्त कांदा देण्याचे मार्ग सरकारने वापरूनही पाहिलेत. ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांतून गाड्या फिरवून २५ रुपये किलोने कांदा विकला, सप्टेंबर २०२४ मध्ये ३५ रुपयांनी. त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था हंगामात कांदा विकत घेऊन राखीव साठा करतात. २०२३ साली हा साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेण्याचं ठरलं. हा मार्ग खर्चिक आहे आणि त्यात दोष आहेत. साठा नेमका शेतकऱ्याला चार पैसे मिळायला लागले की बाजारात ओतला जातो, आणि ही खरेदी बाजार समितीच्या खुल्या लिलावातून व्हावी ही मागणी अजून मागणीच राहिली आहे. तरीही या मार्गाचा खर्च सरकारच्या खात्यात दिसतो, आणि जो दिसतो त्यावर निदान भांडता येतं.

“भाव वाढला तरी पैसा मधलेच खातात”

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात टोमॅटो, कांदा आणि बटाट्याची साखळी तपासली आहे. ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे आक्षेप पोकळ नाही.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. वाहतूक, हमाली, घट, किरकोळ विक्रेत्याचा खर्च हे कांद्याच्या भावाबरोबर फारसे वर-खाली होत नाहीत. लासलगावला क्विंटलमागे हजार रुपये पडले तरी दादरच्या गाडीवर तेवढे पडत नाहीत आणि लगेच तर पडतच नाहीत. बंदीचा फटका शेतकऱ्याला त्याच दिवशी बसतो, ग्राहकाला दिलासा उशिरा आणि अर्धामुर्धा मिळतो. साखळी लांब आहे हे दुखणं असेल तर इलाज साखळीवर करायला हवा. निर्यात बंद केल्याने ती एक कडीनेही आखूड होत नाही.

कांद्यालाच सरकार इतकं का घाबरतं?

२०१२ च्या पायाभूत वर्षावर मोजल्या जाणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. शंभर रुपयांच्या टोपलीत पासष्ट पैसेही नाहीत. पण राजकारणातलं त्याचं वजन वेगळं आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचारात होता. १९९८ मध्ये दिल्लीत भाजपचं सरकार गेलं त्यात महागड्या कांद्याचा वाटा मोठा मानला जातो. तेव्हापासून प्रत्येक सरकारला ही धास्ती आहे.

कांदा खाणारे देशभर आहेत, पिकवणारे मुख्यतः नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, धुळे असे काही जिल्हे आणि मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, राजस्थानचे काही पट्टे. मतांचं गणित सरळ आहे. भाव चढला की बातमी दिल्लीच्या बाजारातून येते. भाव पडला की ती जिल्ह्याच्या पानावर राहते.

२०२४ मध्ये मात्र या गणिताला धक्का बसला. एप्रिलमध्ये बंदी चालू असताना गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि नाशिक पट्ट्यात संतापाची लाट उठली. मग दोन दिवसांत सहा देशांना ९९,१५० टन पाठवायला मुभा दिल्याचं जाहीर झालं. लोकसभेत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला, नाशिकची जागाही महायुतीने गमावली. या निकालांना इतरही कारणं होती. पण सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क निम्मं झालं, हा निव्वळ योगायोग मानणं मला जमत नाही.

गेलेलं गिऱ्हाईक

शुल्क हटलं की भाव परत येतील, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. शुल्क हटवण्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली तेव्हा लासलगावचा भाव क्विंटलला १,३३० रुपयांच्या आसपास होता. त्या वर्षी रब्बीचं पीक २२७ लाख टनांचं, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त, येणार असा सरकारचाच अंदाज होता. शुल्क काढूनही उन्हाळ कांद्याला अपेक्षित भाव मिळाला नाही.

बंदीचा हा खर्च कुणी मोजत नाही. कोलंबो, दुबई, क्वालालंपूरच्या घाऊक व्यापाऱ्याला रोज माल लागतो. २०१९, २०२०, २०२३ असा चार-पाच वर्षांत तीनदा भारताने हात वर केला, तेव्हा त्याने दुसरे पुरवठादार शोधले. बांगलादेशने स्वतःचं कांद्याचं पीक वाढवलं आणि आपला माल निघायच्या दिवसांत आयात रोखायला सुरुवात केली. निर्यात २०२३-२४ मध्ये १७ लाख टनांवर आली, आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत जेमतेम ११.६५ लाख टन झाली.

जागतिक व्यापाराच्या नियमांत खाद्यान्नाच्या गंभीर टंचाईच्या वेळी तात्पुरती निर्यातबंदी करायला मुभा आहे, त्यामुळे कायद्याने भारताचं काही चुकलं नाही. पण गिऱ्हाईक कायदा बघत नाही, गाडी वेळेवर आली का ते बघतं.

“निर्यात मोकळी हवी आणि आयातीवर शुल्कही हवं, हे कसं?”

शेतकरी बाजूला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न हा आहे. कांद्याची निर्यात खुली ठेवा म्हणताना बाजाराच्या बाजूने बोलायचं, आणि कापूस-सोयाबीन आलं की आयात रोखा म्हणायचं, यात विसंगती आहे हे मान्य करायला हवं.

कापसाचं उदाहरण घ्या. २०२१ पासून आयातीवर असलेलं ११ टक्के शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये काढलं आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे कापड उद्योग अडचणीत होता, त्याला स्वस्त रुई हवी होती. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार आणि यवतमाळचा कापूस उत्पादक, दोघेही याच राज्यातले आणि दोघांचं हित समोरासमोर. ही सवलत नेमकी विदर्भात कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर पडली, म्हणून ती जास्त झोंबली.

शुल्क वाढवूनही नेहमी उपयोग होतोच असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून एकदम २० टक्क्यांवर नेलं. तेल महागलं, पण मराठवाड्यातलं सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचवा हिस्साच असतं, बाकी पेंड, आणि पेंडीचा भाव पडलेला होता. मे २०२५ मध्ये ते शुल्क पुन्हा निम्म्याने कमी झालं.

विसंगती मान्य करूनही एक गोष्ट उरते. भाव चढले की निर्यात बंद आणि आयात खुली, भाव पडले की मात्र सगळं बाजारावर सोडलेलं, असा अनुभव शेतकऱ्याला वर्षानुवर्षं येतो. वरची मर्यादा पक्की आणि खालचा आधार कच्चा, अशा खेळात त्याने दोन्हीकडून संरक्षण मागितलं तर ते समजण्यासारखं आहे.

मग सरकारने हातच लावू नये का?

तसं मी म्हणणार नाही. पाऊस लांबला आणि खरिपाचा लाल कांदा गेला तर सप्टेंबर ते नोव्हेंबर खरी टंचाई होऊ शकते, आणि तेव्हा काही न करणारं सरकार लोकांना नको असेल. पण काय करायचं ते आधी सांगता येतं. भाव अमुक पातळीला गेला तर एवढं शुल्क, आणखी वर गेला तर एवढं, आणि खाली आला की आपोआप कमी, असा तक्ता रोप टाकण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरपूर्वी, जाहीर करता येतो. बंदरावर पोहोचलेल्या आणि सौदा झालेल्या मालाला सूट देता येते. मुख्य म्हणजे मे महिन्याचा कांदा नोव्हेंबरपर्यंत टिकवण्यावर पैसा घालता येतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण प्रकल्प उभारला तो कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. त्याची ओळख पुढे झाली ती अमेरिकेला जाणाऱ्या हापूसमुळे, कारण विकिरणानंतर कांदा ठेवायला लागणारी शीतसाठवण मोठ्या प्रमाणावर उभीच राहिली नाही.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या वर्षी निर्यात थांबवावीच लागली, तर त्या दिवसापासून पडलेल्या भावाची भरपाई केंद्राच्या अर्थसंकल्पातून शेतकऱ्याला मिळायला हवी, विक्रीच्या पट्टीवर, थेट खात्यात. शहराला स्वस्त कांदा देण्याचा निर्णय देशाचा असेल तर त्याचा खर्चही देशाने करायचा. भरपाईचा आकडा समोर आल्यावर अर्थ मंत्रालयच विचारेल की बंदी खरोखर लागणार आहे का, आणि लागली तर किती दिवस.